किलोमीटरचा रकाना

नोट प्रेसचा भोंगा झाला की मी टेबलाचा खण उघडते.
त्या भिंतीआड नोटा छापतात,
या भिंतीआड कुणाला किती, ते मी बघते.
एकवीस वर्षं झाली.
आधी खतावणीत, निळ्या शाईनं, हातचे धरून.
आता बेरीज कॉम्प्युटर करतो
आणि बरोबर आहे म्हणून सही माझी.

गाडी चालवणाऱ्यांचे कागद सगळ्यांत मळके.
ग्रीस, चहा, कोपऱ्यात तेलकट अंगठा.
मूळ पगार, वर रात्रपाळी, वर किलोमीटरचा भत्ता,
आणि तळाचा आकडा माझ्याहून मोठा.
खोटं कशाला बोलू, खुपायचा.
रूळ आखून दिलेले, वळण दुसऱ्यानं ठरवलेलं,
यात चालवायचं ते काय?
एकदा सुदाम गांगुर्डेंना तोंडावर विचारलं,
"तुमच्या गाडीला स्टिअरिंग तरी असतं का हो?"
"नाही ना मॅडम," ते म्हणाले,
"म्हणून तर बाजूला घेता येत नाही."

मग माझ्या टेबलावर बोट टकटकवून दाखवलं :
दर मिनिटाला असं एक बटण दाबायचं.
का? तर माणूस जागा आहे, हे इंजिनाला कळावं.
नाही दाबलं तर ते आपणहून ब्रेक लावतं.
"बायकोनंसुद्धा इतक्यांदा कधी विचारलं नाही."

माझा ओजस अंबडला सेन्सर तपासतो.
रात्री भाकरी मोडत म्हणाला,
"आई, जागा आहेस का, जागा आहेस का,
असं ज्याला विचारत बसावं लागतं,
त्यापेक्षा ज्याला झोपच येत नाही तो बसवा की."
मला उत्तर सुचेना. वांग्यात मीठ कमी होतं, ते बोलले.
ज्या यंत्रानं माझी खतावणी नेली
ते अजून एकदाही हातचा विसरलेलं नाही.
मी विसरायचे.
एका मार्चमध्ये, अंगात ताप असताना,
एका खलाशाचे सातशे रुपये.

जानेवारीत निफाडला पारा पडला.
द्राक्षं वाचवायला बागांतून शेकोट्या,
सगळा धूर रुळांवर उतरून बसलेला.
एकलहऱ्याचा कोळसा घेऊन सुदाम येत होते,
अठ्ठावन्न वाघिणी मागे.
कसबे सुकेण्याच्या अलीकडे त्यांनी ब्रेक लावला.
असिस्टंट टॉर्च घेऊन उतरला,
पुढं गेला, परत आला.
काही नव्हतं.
एकोणीस मिनिटं गाडी उभी. मागं पॅसेंजर उभी.

खुलासा मागवला. त्याची प्रत माझ्याकडे आली.
"धुरात माणूस दिसला. होता की नव्हता,
सांगता येत नाही. विचार करून लावला नाही.
हातानं लावला."
कॉम्प्युटरला कारण निवडून द्यावं लागतं :
सिग्नल, जनावर, बिघाड, इतर.
मी इतर दाबलं.

ओजस म्हणाला, सेन्सरला कळलं असतं, कुणी नाही,
आणि गाडी थांबलीच नसती.
खरंय. कुणी नव्हतंच.

सुदाम स्लिप घ्यायला आले तेव्हा विचारलं,
असं याआधी किती वेळा?
ते चष्मा शोधत होते, वरच्या खिशात होता.
"एकोणतीस वर्षांत अकरा वेळा, मॅडम.
नऊदा कुणी नव्हतं."
मी थांबले.
"दोनदा होतं. त्यातली एकदा गाडी थांबली."
आणि स्लिपवरचा आकडा न बघता
चौघडी घालून स्लिप डब्याच्या पिशवीत टाकली.

संध्याकाळी त्यांचा महिना बंद करायला घेतला.
उभ्या एकोणीस मिनिटांचे किलोमीटर?
शून्य.
कॉम्प्युटर म्हणाला, बरोबर.
पेन हातात होतं.
एक मिनिट गेलं, मग आणखी एक,
मला कुणी विचारलं नाही, जागी आहेस का.